आयफोन १७, चौसष्ट नमुने आणि एक दिवाळी: कारखान्यातल्या नोंदी

९ सप्टेंबर २०२५, मंगळवार

रात्री साडेदहाला अ‍ॅपलचा कार्यक्रम सुरू झाला. मी आणि मामेभाऊ गच्चीवर, जुना फोन पाण्याच्या टाकीला टेकवून बसलो होतो. आयफोन १७ आला आणि मी वहीत घाईघाईत लिहीत सुटलो. पडदा ६.३ इंची. १२० हर्ट्झ, म्हणजे पडद्यावरचं चित्र सेकंदाला १२० वेळांपर्यंत नवं होतं, जे कालपर्यंत फक्त प्रो वाल्यांच्या नशिबात होतं. मागे ४८ मेगापिक्सेलचे दोन कॅमेरे. सुरुवातच २५६ जीबीपासून, किंमत ८२,९००. गेल्या वर्षी सोळावा आला तेव्हा १२८ जीबीला ७९,९०० मोजावे लागत होते. तीन हजार जास्त देऊन जागा दुप्पट, हे गणित मी तिथल्या तिथे मामेभावाला तीनदा समजावलं. खरं तर मी स्वतःलाच समजावत होतो.

काम काय ते आधी सांगतो. सोलापुरात मामांचा चादरी-टॉवेलचा छोटा कारखाना आहे, सहा माग. ऑर्डरी, फोटो आणि बाहेरगावच्या व्यापाऱ्यांशी बोलणं माझ्याकडे. दिवाळीआधी ६४ नमुन्यांचा कॅटलॉग करायचा आहे. आत्ताचा अँड्रॉइड पाच वर्षांचा, त्याच्या लेन्सवर ओरखडा आहे, प्रत्येक मोराच्या चादरीवर मोराला धुक्यात सोडल्यासारखं दिसतं.

"हौस फोनची, निमित्त कॅटलॉगचं," मामी म्हणाली. निम्मं खरं आहे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

संध्याकाळी साडेपाचला नोंदणी उघडणार म्हणून कारखान्यात सव्वापाचपासून फोन हातात धरून उभा. मामांनी विचारलं काय चाललंय. सांगितलं, १९ तारखेला मिळेल. त्यांनी कॅलेंडरकडे बघितलं.

"पितरांच्या पंधरवड्यात ब्याऐंशी हजाराची वस्तू आणायलास व्हय बे?"

पैसे निम्मे कारखान्याचे असल्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता. ठरलं असं की नवी पेठेतल्या दुकानात पैसे भरून ठेवायचे, आणि फोन घरात घटस्थापनेला. म्हणजे लोक १९ ला खोकी फोडणार आणि मी तीन दिवस त्यांचे व्हिडिओ बघणार.

२२ सप्टेंबर, सोमवार, घटस्थापना

आजपासूनच जीएसटीचे नवे दर. दुकानात प्रत्येक दुसरा माणूस "आता स्वस्त झाला का?" विचारत होता. मोबाईलवर १८ टक्के होता, १८ च राहिला. दुकानदाराने ते कागदावर लिहून काउंटरला चिकटवलं होतं, तरी लोक विचारत होतेच.

मिस्ट ब्लू हवा होता, शिल्लक होते काळा आणि सेज. सेज घेतला. घरी आल्यावर मामीने खोक्याला हळदकुंकू लावलं आणि घटाशेजारी ठेवलं. आरती होईपर्यंत हात लावायचा नाही. ती वीस मिनिटं!

उघडल्यावरचं पहिलं: वजन १७७ ग्रॅम, हातात हलका वाटतो. बोटाने वर सरकवलं की पडदा पाण्यासारखा वाहतो. मी १२० हर्ट्झ हे जाहिरातीतलं थोतांड समजत होतो. दोन मिनिटांनी जुना फोन हातात घेतला तर तो अडखळत चालल्यासारखा वाटला. समोरच्या कॅमेऱ्याचा सेन्सर चौरस आहे, त्यामुळे फोन उभा धरूनच आडवा सेल्फी निघतो. घरातले नऊजण आणि घट एका फोटोत आले, कुणाचा कान कापला गेला नाही. मामा दोनदा म्हणाले, "परत काढ."

खोक्यात केबल आहे, चार्जर नाही. माहीत होतं, तरी वाईट वाटलंच.

रात्री जेवण झाल्यावर रूपाभवानीच्या देवळाकडे चक्कर मारली, रोषणाईचे फोटो काढले. कॅमेऱ्यात "ब्राइट" नावाची नवीन शैली दिसली, ती लावली, सगळं झळाळून उठलं. तशीच ठेवली. ही ओळ लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

झोपायला दोन वाजले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पहिली चूक सापडली, आणि ती मोठी आहे.

काल उत्साहाच्या भरात मी फोन कोरा म्हणून सुरू केला. भाषा, चेहरा, वायफाय, मराठी कळफलक, सगळं लावून मोकळा. सकाळी व्हॉट्सअ‍ॅप आणायला बसलो तेव्हा कळलं की अँड्रॉइडवरून आयफोनवर जुने संवाद आणायचे तर ते "मूव्ह टू आयओएस" या अ‍ॅपमधून आणावे लागतात, आणि ती वाट फोन पहिल्यांदा सुरू करतानाच उघडते. एकदा फोन लावून झाला की दार बंद. परत उघडायचं तर फोन पूर्ण पुसायचा.

आमच्या धंद्यात व्हॉट्सअ‍ॅप म्हणजे खातेवही. लातूरच्या व्यापाऱ्याने दोन वर्षांपूर्वी कोणती किनार मागितली होती, ते त्याच्या आवाजात तिथे पडलेलं आहे. कारखान्यातल्या अण्णांचे निरोप अर्धे तेलुगूत, अर्धे मराठीत, तेही आवाजातच. हे सोडून देणं शक्य नव्हतं. फोन पुसला. रूपाभवानीचे फोटो आधी भावाला पाठवले होते म्हणून वाचले.

प्रयत्न पहिला, सकाळी अकरा: पंचवीस मिनिटं छान चाललं. मग सूतवाल्याचा फोन आला आणि मी सवयीने उचलला. ते अ‍ॅप समोर उघडं राहिलंच पाहिजे, मध्ये कॉल घेतला की काम मोडतं. मोडलं.

प्रयत्न दुसरा, दुपारी दोन: दोन फोन आपापसात एक वायफाय जाळं तयार करतात, त्याला इंटरनेट नसतं. जुन्या फोनचा मोबाईल डेटा मी चालूच ठेवला होता. त्याने बघितलं की या वायफायवर नेट नाही, आणि शहाणपणा करून तो परस्पर डेटावर उडी मारून गेला. पुन्हा मोडलं.

प्रयत्न तिसरा, रात्री दहा: आधी जुना फोन साफ केला. सुप्रभात, शुभ बुधवार, गुलाबाची फुलं, लग्नांचे व्हिडिओ मिळून १७ जीबी कचरा निघाला. जुन्या फोनचा डेटा बंद, बॅटरी वाचवायचा पर्याय बंद, सिम काढून घेतलं, दोन्ही फोन चार्जिंगला, आणि घरच्यांना ताकीद की कुणी हात लावायचा नाही. तीन तास दहा मिनिटं लागली. सगळे संवाद, फोटो, आवाज आले. कॉलची यादी येत नाही, ती येणारच नसते.

एकूण गेलेला वेळ: एक पूर्ण दिवस आणि निम्मी रात्र. जो कुणी दुकानाचा फोन बदलणार असेल त्याने खोकं उघडल्यावर पहिलं काम हे करावं, सेल्फी नंतर.

२४ सप्टेंबर, बुधवार

पाऊस. सीनेला पूर आलाय, लांबोटीकडे पुण्याचा रस्ता बंद. जिल्ह्यातल्या नदीकाठच्या गावांच्या बातम्या बघवत नाहीत. मागातले दोघे कामाला आले नाहीत, त्यांचे नातेवाईक त्या बाजूला आहेत. माझा ट्रायपॉड आणि पडद्यावर लावायची काच पुण्याच्या बाजूला कुठेतरी अडकलीये, पण त्याबद्दल कुरकुर करायचा आजचा दिवस नाही.

यूपीआय नव्या फोनवर लावलं. सिमवरून एक एसएमएस जातो आणि बँक नंबर पडताळते, एवढंच असतं. पण नवीन फोन दिसला की माझी बँक सुरुवातीला पाठवायच्या रकमेला लगाम घालते, हे मी विसरलो होतो. सूतवाल्याचे ३८,००० आज द्यायचे होते, गेले नाहीत. येणारे पैसे मात्र येत होते, दुकानातला पेटीवाला बाईचा आवाज नेहमीप्रमाणे सांगत होता. शेवटी मामांनी चेक फाडला आणि माझ्याकडे बघितलं. काही बोलले नाहीत.

२७ सप्टेंबर, शनिवार

ट्रायपॉड आला (१,४५०). कव्हर आणि काच ९००, चार्जर १,९००.

आज पहिले २२ नमुने काढले. कारखान्याच्या पुढच्या खोलीत, भिंतीवर दोरी, दोरीवर चादर. ट्यूबलाइट चालू, खिडकीही उघडी. एवढा उजेड बघून मला वाटलं आज सिनेमाच काढतोय. फोटो असे आले की अण्णा म्हणाले, "ही आपलीच काय ओ?"

छपाईवाल्याकडे पेन ड्राइव्ह नेला तर त्याच्या संगणकावर एकही फोटो उघडेना. आयफोन आपल्या पद्धतीने फोटो दाबून ठेवतो, त्याच्या जुन्या संगणकाला ते वाचता येत नाही. सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट, तिथे "मोस्ट कंपॅटिबल" केलं. घरी येऊन बावीसच्या बावीस परत काढले. संध्याकाळचे साडेसहा वाजले होते, खिडकीतला उजेड गेला होता, पण ट्यूब होतीच की.

३० सप्टेंबर, मंगळवार

लातूरच्या व्यापाऱ्याने फोटो बघून परवा सहा लाल चादरी मागवल्या होत्या. एसटीने पार्सल गेलं. आज फोन: "फोटोत कुंकवासारखा लाल, हातात विटकरी. दुसरा माल टाकला का?"

दुसरा माल नव्हता. चादर तीच. मी फोटो आणि चादर शेजारी ठेवून बघितली तर फोनवर मला फरक फारसा दिसेना, आणि तिथेच डोकं फिरलं. मामेभावाच्या फोनवर तोच फोटो उघडला तेव्हा दिसला.

१ ऑक्टोबर, बुधवार

सकाळपासून फक्त रंग. गुन्हेगार चार निघाले, आणि चौघांनाही मीच बोलावलं होतं.

एक, ती "ब्राइट" शैली. फोन पुसल्यावर ती गेली होती, पण मला आवडली म्हणून मी हौसेने परत लावली. माणसांच्या चेहऱ्याला ती छान, चादरीच्या लालला खोटं बोलायला लावते. बरं, ही शैली फोटो काढल्यानंतरही बदलता येते, पण फोटो आयफोनच्या मूळ पद्धतीत असेल तरच. मी छपाईवाल्यासाठी "मोस्ट कंपॅटिबल" करून बसलो होतो. एक चूक सुधारताना दुसरीच्या सुटकेची वाट बुजवली.

दोन, ट्यूब आणि खिडकी एकत्र. दोन्हींचा पांढरा वेगळा. कॅमेरा मधला काहीतरी अंदाज करतो, त्यामुळे चादरीची डावी बाजू निळसर, उजवी पिवळसर.

तीन, "ट्रू टोन". हा पर्याय खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडद्याचा रंग बदलतो. रात्री डोळ्यांना बरं वाटतं, पण मालाशी रंग ताडून बघायचा असेल तर पडदाच आपली समजूत काढत बसतो. म्हणून मला फरक दिसत नव्हता.

चार, मी स्वतः, कारण संध्याकाळी साडेसहाला काढायचा हट्ट माझा.

आता पद्धत अशी. शैली "स्टँडर्ड". ट्रू टोन आणि नाइट शिफ्ट (रात्री पडदा पिवळसर करणारा पर्याय) बंद. ट्यूब बंद. फक्त उत्तरेकडची खिडकी, सकाळी दहा ते बारा. समोरून थर्माकोलचा ताव उभा करायचा (६० रुपये), खिडकीचा उजेड त्यावर आपटून सावलीच्या बाजूला जातो. चादरीवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच अडकतो, मग सूर्याच्या चिन्हाने थोडा उजेड कमी. पहिल्या फोटोत चादरीशेजारी कोरा पांढरा कागद ठेवायचा, तो कागद पडद्यावर पांढराच दिसला तर पुढे जायचं. नवीन फोन घेऊन शेवटी साठ रुपयांचा थर्माकोल कामाला आला म्हणून भाऊ हसला. हसू दे.

लातूरला नवीन फोटो पाठवला, सोबत माफी. सहापैकी चार त्यांनी ठेवल्या, दोन परत. जायचं-यायचं भाडं आपल्याकडे.

२ ऑक्टोबर, गुरुवार, दसरा

माग बंद. पूजा झाली, प्रत्येक मागाला झेंडूची माळ, नक्षी विणणाऱ्या जेकार्डवर हळदकुंकू. मला मात्र एक गोष्ट आजच कळली. माग चालू असताना जमीन थरथरते, ट्रायपॉडही थरथरतो. रोज काढलेले फोटो मोठे करून बघितले तर कडा किंचित मऊ. आज शांततेत काढलेले एकदम चाकूसारखे.

आणि फक्त फोटोचा प्रश्न नाही. चित्र स्थिर ठेवणारी कॅमेऱ्यातली यंत्रणा जोरदार कंपनाने बिघडू शकते, मोटारसायकलच्या हँडलला फोन बांधू नका असं अ‍ॅपलनेच सांगितलेलं आहे. मागाजवळ तासन् तास फोन उभा करायचा नाही, हे आज ठरवलं. करायचाच तर ट्रायपॉडच्या प्रत्येक पायाखाली टॉवेलची चौघडी. टॉवेलची आपल्याकडे कमी नाही.

आज १४ नमुने. सगळे पास.

४ ऑक्टोबर, शनिवार

टेरी टॉवेल. चादरीपेक्षा अवघड निघाला.

फोटो फोनवर मोठा केला की ठीक, छोटा केला की टॉवेलवर पाण्याच्या लाटांसारखे पट्टे. मालात पट्टे नाहीत. विणीची जाळी बारीक, सेन्सरच्या ठिपक्यांची जाळी बारीक, दोन जाळ्या एकमेकींवर पडल्या की तिसरीच नक्षी तयार होते. मच्छरदाणीवर मच्छरदाणी धरून बघा, तेच दिसेल. फोटो लहान करतानाही हेच होतं, म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर गेलेल्या फोटोत जास्त.

काय करून बघितलं: जवळ गेलो तर कॅमेरा आपोआप दुसऱ्या लेन्सवर उडी मारतो, जवळचं दिसावं म्हणून, आणि टॉवेलच्या सरळ कडा वाकतात. सेटिंगमध्ये "मॅक्रो कंट्रोल" चालू केलं, की मग पडद्यावर फुलाचं चिन्ह येतं आणि ते बंद करता येतं. दोन पट झूम लावून मागे सरकलो, कडा सरळ झाल्या, लाटा तशाच. शेवटी फोन चार-पाच अंशांनी तिरका केला, एक वीत मागे घेतला, ४८ मेगापिक्सेलमध्ये काढला आणि नंतर घरी हळूहळू लहान केला. दहापैकी आठ टॉवेलांच्या लाटा गेल्या. उरलेले दोन बारीक चौकड्यांचे, ते घडी घालून काढले. घडीत कुणाला लाटा दिसत नाहीत. फसवणूक नाही, टॉवेल घडीतच विकला जातो.

व्यापाऱ्यांना फोटो आता डॉक्युमेंट म्हणून पाठवतो, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅप ते लहान करत नाही.

७ ऑक्टोबर, मंगळवार

कोजागरीला निम्मं सोलापूर तुळजापूरच्या रस्त्यावर चालत होतं. कारखान्यातले तिघं गेलेत, मामेभाऊही. काम नाही. भावाने फोन मागितला होता, दिला नाही. रात्री त्याच्या जुन्या फोनवरून आलेले फोटो बघून जरा लाज वाटली.

९ ऑक्टोबर, गुरुवार

मागाचा व्हिडिओ. धोटा इकडून तिकडे जाताना हळू गतीत दाखवायचा, अशी माझी मोठी कल्पना. काढला. बघितला तर सगळी खोली लुकलुकतेय, ट्यूब जणू हृदयविकाराने धडधडतेय.

आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे जुनी ट्यूब सेकंदाला शंभरदा मंद-तेज होते. डोळ्याला कळत नाही, हळू गतीच्या व्हिडिओला कळतं. साध्या व्हिडिओतही ३० फ्रेमला थोडं दिसतंच. उपाय साध्या व्हिडिओपुरता आहे: सेटिंगमध्ये "शो पाल फॉरमॅट्स" चालू करायचं, मग २५ फ्रेमचा पर्याय येतो, ५० हर्ट्झच्या विजेशी त्याचं जुळतं. हळू गतीसाठी दिवसाचा उजेडच पाहिजे. पत्र्याचं एक पान सरकवून अण्णांनी ऊन आत घेतलं आणि दोन मिनिटांत काम झालं. मी यात सव्वादोन तास घालवले होते.

११ ऑक्टोबर, शनिवार

रात्री फोन चार्जिंगला लावला, सकाळी ९ टक्के. केबल बदलली, चार्जर बदलला. पोटात गोळा. नवी पेठेत न्यायला निघालो तेव्हा मामीने खिडकीपाशी धरून भोक बघितलं.

"अरे, तूस भरलाय."

टॉवेलचं तूस. कारखान्यात ते हवेतच असतं, केसात, चहात, खिशात. केबल खुपसली की ते आत दाबलं जातं आणि त्याची छान गादी तयार होते. फोन बंद करून लाकडी टूथपिकने हलकेच काढलं, हरभऱ्याएवढा गोळा निघाला. सुई किंवा पिन घालू नका, आतले संपर्क वाकतात. बुडाशी रबराचं टोपण मिळतं, ३० रुपयाला दोन. पाच वर्षं जुना फोन याच तुसात होता आणि त्याला काही झालं नव्हतं, असं मामा म्हणाले. त्याचं भोक मी कधी बघितलंच नव्हतं. आज बघितलं. त्यातून दीड हरभरा निघाला.

१३ ऑक्टोबर, सोमवार

५१ नमुने पक्के, १३ बाकी. ते तेराही काळ्या आणि गर्द निळ्या रंगाचे आहेत, म्हणून मागे ठेवले होते. काळ्या चादरीचा फोटो कॅमेरा आपोआप उजळवतो आणि ती राखाडी दिसते. उजेड हाताने खाली ओढला की पांढरी किनार तेवढी उरते, नक्षी गायब. खिडकी बाजूला घेऊन, चादर थोडी तिरपी टांगून, सुताचा उठाव दाखवायचा प्रयत्न उद्या.

आतापर्यंतचा खर्च, फोन सोडून: ट्रायपॉड १,४५०, काच-कव्हर ९००, चार्जर १,९००, थर्माकोल ६०, टोपणं ३०, लातूरचं जायचं-यायचं पार्सल ३६०. एकूण ४,७००. गेलेले दिवस मी मोजले तर पाच, मामांनी मोजले तर आठ.

छपाईवाल्याला १५ तारखेपर्यंत सगळं हवंय. मामांनी आज स्वतः एक फोटो काढला, काळ्या चादरीचा, खिडकीकडे पाठ करून, उभ्या उभ्या. नक्षी दिसते. त्यांनी चादर कशी धरली होती ते मी विचारलं, तर म्हणाले, "गिऱ्हाइकाला दाखवतो तशी." उद्या सकाळी दहाला चादर तेच धरणार आहेत.